बंदिस्त मैदानासाठी व्हिडिओ कॅमेरा कसा निवडावा?



जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कर्णधार असलेल्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले. मातीतला हा खेळ आता छपराखाली, मॅटवर आला आहे. मातीवर शिकलेल्या वसतिगृहातील मुलींना हॉलमधला स्वतःचा खेळ पाहता आला, तर चुका लवकर सुधारतात. त्यासाठी देणगीतून कॅमेरा घ्यायचा, तर आधी थोडे समजून घेऊ.

आमची चूक अशी झाली. क्रांती चौकाजवळच्या दुकानात आम्ही फक्त झूम किती, एवढेच विचारले. पहिल्याच सामन्यात चित्र काळवंडले. धावणारी मुलगी म्हणजे नुसता धूसर पट्टा! तिचा पाय रेषेवर पडला का, हे शिक्षकांनाही सांगता येईना. देणाऱ्याचे पैसे गेले आणि मुलींचा धडाही राहिला.

म्हणून ही चार सूत्रे लक्षात ठेवा.

1. उजेड आधी, झूम नंतर. आपल्या डोळ्यांना उजळ दिसणारा हॉल कॅमेऱ्याला अंधारा असतो. सेन्सर मोठा आणि भिंगाचा एफ-आकडा लहान (1.8 किंवा 2) असेल, तर उजेड जास्त मिळतो. डिजिटल झूमचा मोठा आकडा विसरा. तो चित्र फक्त ताणतो.

2. मैदान मावले पाहिजे. 27 मिलिमीटरपासून सुरू होणारे भिंग 10 मीटरवरून सुमारे 13 मीटर रुंदी पाहते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे ते जेमतेम मावते. खो-खोचे मैदान 27 बाय 16 मीटर असते. त्यासाठी गॅलरीच्या कोपऱ्यात, उंचावर तिपाई लावा.

3. शटर हाताने ठरवता यावे. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर 1/100 ठेवल्यास लुकलुक टळते आणि धूसरपणाही कमी होतो. चित्रण सेकंदाला 50 फ्रेमने करा.

4. संगणकाला झेपेल तेच घ्या. 28 एमबीपीएसच्या फुल एचडी चित्रणाला तासाला सुमारे 13 जीबी लागतात. 100 एमबीपीएसच्या फोर-केला 45 जीबी. जुन्या संगणकावर फुल एचडीच बरे. सामना चालू असताना वहीत वेळ लिहून ठेवा. कबड्डीची चढाई 30 सेकंदांची असते. तेवढाच तुकडा कापून दाखवा. मूळ चित्रणाच्या दोन प्रती ठेवा.

दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड न्या. आतल्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात कुणाला तरी धावायला सांगा, चित्रण करा आणि मोठ्या पडद्यावर पाहूनच पैसे द्या.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. चित्रणापूर्वी मुलींना व त्यांच्या पालकांना त्यांच्या बोलीत कारण समजावून सांगा आणि संमती घ्या. हे चित्रण आधी त्यांच्यासाठी आहे, मग आपल्या अहवालासाठी.

विचार करा: आपल्या मंडळीने दिलेली वस्तू शेवटची कधी वापरली गेली, हे आपण विचारले आहे का?