लायटीची बॅटरी : शिशाकडून लिथियमकडे
(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

मित्रांनो, होस्टेलची लाईट गेली की आपण काय करतो? कॉरिडॉरमध्ये येऊन बोंबलतो, इन्व्हर्टरच्या एका ट्यूबखाली जर्नल पुरे करतो आणि तासाभराने लाईट आली की पुन्हा बोंबलतो. पण किनाऱ्यापासून 15 सागरी मैलांवर, अमावास्येच्या रात्री लाईट गेली तर?

आमच्या काकांची हर्णै बंदरात मासेमारीची बोट आहे. तिच्यावर 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिन स्टार्ट करायची. दुसरीला सगळे खलाशी 'लायटीची बॅटरी' म्हणतात. डोलकाठीचे दिवे, वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर, पाणी उपसायचा पंप, सगळा संसार तिच्यावर. रात्री जाळी टाकली की इंजिन बंद, आणि पहाटेपर्यंत सगळा भार या एका बॅटरीवर!

गेल्या डिसेंबरात मध्यरात्री ती बसली. कुणीतरी चेंजओव्हर स्विच 'दोन्ही' वर फिरवला. झालं! पहाटे तीनपर्यंत दुसरीही बसली. दिवे नाहीत, वायरलेस नाही, इंजिन फिरत नाही, आणि थोड्या अंतरावरून एक मोठं जहाज जातंय. काका टॉर्च घेऊन तासभर डोलकाठीजवळ उभे होते. उजाडल्यावर शेजारच्या बोटीने ओढून आणलं. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा काका एवढंच म्हणाले, "चार वर्षं इलेक्ट्रिकलला फी भरतोय ना रे तुझा बाप? मग कर कायतरी."

पायरी पहिली : आधी हिशोब

मी लगेच म्हणालो, "लिथियम बसवू!" कॉलेजात आल्यावर लॅबमध्ये सरांना सांगितलं. सरांनी एकच प्रश्न विचारला, "लोड किती?" मी गप्प. व्हायवाला होतो तसाच.

मग कागद घेऊन बसलो. 12 तासांच्या रात्रीचा हिशोब असा :

- जीपीएस व फिश फाइंडर : 1.5 अँपिअर × 12 तास = 18 अँपिअर-तास
- वायरलेस (ऐकणे व बोलणे मिळून) : 8.5
- डोलकाठीचे व बाजूचे जुने बल्ब : 4 अँपिअर × 11 तास = 44
- डेकचा दिवा : 2 अँपिअर × 4 तास = 8
- पाण्याचा पंप : 4 अँपिअर × 1 तास = 4
- पंखा व मोबाईल : 1.5 अँपिअर × 8 तास = 12

एकूण 94.5 अँपिअर-तास. बॅटरी होती 120 ची. म्हणजे पुरायला हवी, असं वाटेल. इथेच फसगत आहे. शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची कमी होते. तिचे वापरायचे अँपिअर-तास 60 धरायचे. आपण रोज 94 काढत होतो! दर दीड वर्षाने बॅटरी मरायची आणि काका दुकानदाराला शिव्या द्यायचे. दुकानदार बिचारा निर्दोष.

यादीत सर्वात मोठा आकडा कुणाचा? जुन्या बल्बांचा. ते बदलून जहाजांसाठी बनवलेले एलईडी दिवे लावले की 44 चे 7 होतात आणि एकूण बेरीज 57.5 वर येते. (एलईडीचा झोत टाकून मासे गोळा करण्यावर 2017 पासून बंदी आहे, हे फक्त बोट दिसण्याचे दिवे.) धडा पहिला : मोठी बॅटरी घेण्याआधी छोटा लोड करा.

पायरी दुसरी : कुठलं लिथियम?

लिथियम म्हटलं की घरी सगळ्यांना पेटलेला मोबाईलच आठवला. भीती खोटी नाही. 2013 मध्ये बोईंग 787 विमानांच्या बॅटऱ्या जळाल्या, त्यात लिथियम कोबाल्ट ऑक्साईड होतं. बोटीसाठी आपण घेतो ते लिथियम आयर्न फॉस्फेट. यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, म्हणून तापलं तरी तो सहजी सुटत नाही. हा पदार्थ 1997 मध्ये जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने पुढे आणला, आणि त्या निबंधाचे पहिले लेखक होते अक्षय पाढी. गुडइनफना लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी 2019 चं नोबेल विभागून मिळालं.

एका सेलचे 3.2 व्होल्ट, चार सेल मिळून 12.8. शंभर अँपिअर-तासांतले 80 बिनधास्त वापरता येतात. वजन साधारण 12 किलो. शिशाची 35 किलोची बॅटरी उचलताना कंबर धरलेल्यांना विचारा. आयुष्य काही हजार वेळा चार्ज होण्याइतकं. आमचा हिशोब 57.5 चा, म्हणजे 100 ची एक पुरे.

पायरी तिसरी : इथे मी चुकलो असतो

माझा बेत साधा होता. जुनी काढा, नवी ठेवा, त्याच वायरी लावा. सर म्हणाले, "लाव. पण अल्टरनेटरवर हात ठेवून बस."

जूनमध्ये मासेमारी बंद झाल्यावर बोट किनाऱ्याला घेतली. शाकारण्याआधी धक्क्यालाच इंजिन मंद चालवून लिथियम थेट जोडून पाहिली. अल्टरनेटर 60 अँपिअरचा. बारा मिनिटांत थर्मामीटरवर 100 अंश! वार्निशचा वास आला आणि आम्ही इंजिन बंद केलं.

असं का? शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी घेते, म्हणून अल्टरनेटरला विश्रांती मिळते. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी. ती जवळजवळ भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. त्यात इंजिन मंद असलं की अल्टरनेटरचा पंखाही मंद. मेसमध्ये श्रीखंडाच्या दिवशी वाढप्याचं जे होतं ते अल्टरनेटरचं होतं!

दुसरा धोका याहून वाईट. लिथियमच्या पोटात बीएमएस नावाचं सर्किट असतं. व्होल्टेज किंवा तापमान हद्दीबाहेर गेलं की ते बॅटरी तोडतं. अल्टरनेटर जोरात चालू असताना बॅटरी अचानक तुटली तर करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, जीपीएस, वायरलेस सगळं एका झटक्यात जातं.

उपाय : अल्टरनेटर शिशाच्या स्टार्ट बॅटरीलाच जोडलेला ठेवायचा. तिच्यातून 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लिथियमला हळूहळू भरतो. करंटला लगाम बसतो, आणि बीएमएसने तोडलं तरी अल्टरनेटरसमोर शिशाची बॅटरी असतेच. 57 अँपिअर-तास भरायला दोन तास लागतात. जाण्यायेण्यात इंजिन त्याहून जास्त चालतं. 'दोन्ही' वाला स्विच काढून टाकला. स्टार्ट बॅटरी आता कुणाच्या हाताने रिकामी होणार नाही.

बारीकसारीक, पण महत्त्वाचं

1. फ्यूज : शॉर्ट झालं तर लिथियम हजारो अँपिअर देते. साधा फ्यूज जळूनही आत ठिणगीचा पूल राहू शकतो. क्लास टी प्रकारचा, पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शक्य तितका जवळ.
2. जागा : इंजिनच्या खोलीत नाही. साधारण 45 अंशांच्या पुढे आयुष्य घटत जातं. आम्ही केबिनमध्ये, पाण्यापासून उंच, पट्ट्याने आवळून ठेवली.
3. वायर : कलई केलेल्या तांब्याची. खारी हवा साध्या तांब्याला हिरवं करून टाकते.
4. मीटर : शिशाची बॅटरी भरलेली 12.7, निम्मी 12.2 व्होल्ट, म्हणजे अंदाज येतो. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट. म्हणून शंट बसवून अँपिअर-तास मोजावे लागतात. 20 टक्क्यांना बझर.

बझर का? कारण शिशाची बॅटरी दिवे पिवळे करून सांगते, "मी चालले." लिथियम सांगत नाही. बीएमएस बॅटरीला वाचवतं, बोटीवरच्या माणसांना नाही! म्हणून वायरलेसला स्टार्ट बॅटरीवरून वेगळी फ्यूज लावलेली लाईन दिली, आणि एक हातातला वायरलेस संच घेतला.

खर्च?

एलईडी दिवे, चार्जर, फ्यूज धरून शिशाच्या एका बॅटरीच्या चौपट. दर दीड वर्षाने नवी घेत होतो, त्या हिशोबाने सहा वर्षांत वसूल. घाई असलेल्याने नुसते बल्ब बदलावेत आणि बॅटऱ्या वेगळ्या कराव्यात. आमच्या त्या रात्रीवर एवढंही पुरलं असतं. हे मी काकांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "टॉर्च धरून उभा मी होतो. बसव."

नारळीपौर्णिमेनंतर बोट पुन्हा समुद्रात गेली. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी आठला काकांचा फोन. मी घाईने विचारलं, "मीटर किती दाखवतोय?"

"पंचेचाळीस टक्के," काका म्हणाले. "आणि सुरमई बरी लागली. तू पेपरचा अभ्यास कर आता."

तर मंडळी, कंट्रोल सिस्टीमला मला एटीकेटी आहे. पण अल्टरनेटरवर कुणी प्रश्न विचारला तर खुशाल रूमवर या!