मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि घड्याळ

सन १९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले. तो प्रवास जहाजाचा होता. तो तासांत नव्हे, आठवड्यांत मोजला जाई. आज त्याच दोन शहरांमधील प्रवास विमानाने एका दिवसाच्या आत होतो. हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः मांडून पाहावा, या हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

प्रथम अंतर पाहू. भिंतीवरील नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. परंतु पृथ्वी सपाट नाही. पृथ्वीगोलावर याच दोन ठिकाणी दोरा ताणून धरावा; तो उत्तरेकडे सरकून सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो. ही बृहद्वृत्ताची वाट असून तीच सर्वांत जवळची होय. या वाटेने पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. एका अंशाचे अंतर सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून एकूण अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर भागाकार सुमारे १४ तास येतो. प्रत्यक्षात चढणे, उतरणे व वळसे यांचा वेळ वाढतो. शिवाय या अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यामुळे जाताना साधारण १६ तास लागतात, येताना त्याहून कमी.

तिसरी गोष्ट घड्याळाची. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे १० तास ३० मिनिटे असते, उन्हाळ्यात ९ तास ३० मिनिटे. जानेवारीत मध्यरात्रीनंतर १ वाजून ३० मिनिटांनी मुंबईहून निघालेले विमान १६ तासांनी उतरले, तर तेथे त्याच दिवशी सकाळचे ७ वाजलेले असतील. केवळ तिकिटावरील वेळांची वजाबाकी करणारा म्हणेल, प्रवास साडेपाच तासांचा!

तथागतांनी कालामांना सांगितले की, ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. छापील वेळही याला अपवाद नाही.

हा अभ्यास निव्वळ गणितासाठी नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आपल्या वस्त्यांतील मुलामुलींना परदेशी विद्यापीठांची वाट खुली आहे. ज्यांच्या घरातून आजवर कोणी विमानात बसले नाही, त्यांना ही वाट अंतराहूनही दूर वाटते. मोजलेल्या गोष्टीची भीती कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

स्वाध्याय : जानेवारीत न्यूयॉर्कहून दुपारी १२ वाजता निघालेले विमान १५ तासांत मुंबईला आले. येथे कोणता वार व किती वाजले असतील? उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजून ३० मिनिटे असे आले, तर पाठ समजला.