डोळ्यांतून पाणी येते, तरीही डोळा कोरडा?
शुष्क नेत्रविकार : ओळख आणि तपासणी

डोळे चुरचुरणे, वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, संध्याकाळी डोळे जड होणे, वाचताना अक्षरे पुसट दिसून पापणी लवताच पुन्हा स्पष्ट होणे, ही शुष्क नेत्रविकाराची लक्षणे असू शकतात. वाऱ्यात डोळ्यांतून पाणी वाहणे हेही त्यांपैकीच एक होय.

हे कसे घडते?

निरोगी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर सतत पसरलेला असतो. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून स्रवणारे तेल त्यातील पाणी उडून जाऊ देत नाही. अश्रू कमी पडले किंवा तेल घटले, की डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडून चुरचुरतो. त्या दाहामुळे एकदम पाणी येते. परंतु ते गालावर ओघळते, डोळ्यावर टिकत नाही.

डॉक्टरांना काय सांगावे?

• त्रास केव्हापासून आहे व दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतो.
• सर्दी-ॲलर्जी, नैराश्य किंवा मुरुमे यांसाठी चालू असलेली औषधे.
• मधुमेह, थायरॉईडचे विकार किंवा संधिवात आहे का; तोंडही कोरडे पडते का.
• रजोनिवृत्ती, डोळ्यांची शस्त्रक्रिया, कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर.
• चुलीचा धूर, धूळ, संगणक किंवा मोबाईलवर जाणारा वेळ.

खाज हे मुख्य लक्षण असल्यास ॲलर्जीची शक्यता अधिक असते. तेही आवर्जून सांगावे.

तपासणी कशी होते?

1. अश्रुथराची तपासणी : डोळ्याला रंगाची पट्टी हलकेच लावून निळ्या प्रकाशात पाहतात. पापणी न लवता थर 10 सेकंदांच्या आत तुटला, तर तो अस्थिर समजतात. रंग थोड्याच वेळात निघून जातो. लेन्स आधी काढून ठेवावी.
2. शर्मर चाचणी : कागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत 5 मिनिटे ठेवतात. भूल न देता केलेल्या चाचणीत ती 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजल्यास अश्रू फार कमी आहेत असे मानतात.
3. पापण्यांची तपासणी : कडांवरील सूज, कोंडा व तेलग्रंथींची तोंडे पाहतात.

कागद चांगला भिजला तरी तेल कमी असू शकते. म्हणून लक्षणे आणि सर्व तपासण्या एकत्र पाहूनच निदान केले जाते.

तपासणीपूर्वी काही तास कृत्रिम अश्रूंचे थेंब टाकू नयेत. बाटली मात्र सोबत न्यावी. काचबिंदूचे थेंब कधीही स्वतःहून बंद करू नयेत.

घरी काय करावे?

• पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूरवर पाहावे आणि पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात.
• पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये.
• पापण्यांच्या कडा सुजत असल्यास कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडाने मिटलेल्या पापण्या 5 ते 10 मिनिटे शेकाव्यात.

काय करू नये?

दुकानातून विचारून आणलेले किंवा शेजाऱ्यांना लागू पडलेले थेंब वापरू नयेत. त्यांत स्टेरॉईड असल्यास लाली लगेच ओसरते, म्हणून औषध चांगले वाटते. परंतु दीर्घकाळ वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू, तसेच मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत येत नाही. मध, तूप किंवा गुलाबपाणीही डोळ्यांत घालू नये.

त्याच दिवशी रुग्णालयात जावे, जर

• डोळा तीव्र दुखत असेल किंवा दृष्टी कमी झाली असेल;
• उजेड सहन होत नसेल;
• बुबुळावर पांढरा डाग दिसत असेल.

कोरड्या डोळ्यांबरोबर मुलास अंधारात कमी दिसत असल्यास अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. त्यास विलंब न करता आरोग्य केंद्रात न्यावे.

चुरचुर किरकोळ वाटली तरी ती टिकून राहिल्यास डोळे तपासून घ्यावेत. निदान आधी, औषध नंतर, हाच क्रम दृष्टीच्या हिताचा आहे.