आजीचा टीव्ही आणि माझं अप्लाइड फिजिक्स

सुरुवातीलाच कबूल करते. माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं जमत नाही. एडिटर मंडळींनी सांभाळून घ्यावं. पण हा लेख इंग्लिश सेक्शनला द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, कारण तो आजीला वाचून दाखवायचाय. हिरॉइन तीच आहे!

झालं असं की आमच्या साताऱ्याच्या घरातला टीव्ही गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात, शेवटच्या घटका मोजायला लागला. ३२ इंची एलसीडी, आजोबांनी २०१० साली घेतलेला. चित्र पिवळट आणि अंधुक दिसायचं. आजोबा गेल्यापासून टीव्ही म्हणजे आजीची सोबत. दुपारी कीर्तन, संध्याकाळी सिरियल्स, मधल्या वेळात बातम्या. रोजचे आठ तास सहज. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तिने पोस्टातली एक मुदत ठेव मोडली, पस्तीस हजार रुपये बाबांच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "पोरगी इंजिनियर होतीय ना? मग तीच ठरवू दे."

थर्ड इयर ई अँड टीसी. एवढी पोटात गोळा आणणारी व्हायव्हा मी आजवर दिली नव्हती.

आधी एक गैरसमज दूर करते, जो मलाही बारावीपर्यंत होता. दुकानात "एलईडी टीव्ही" म्हणून जो विकतात तो एलसीडीच असतो. एलईडी फक्त मागचा दिवा. आमच्या जुन्या टीव्हीत पडद्यामागे बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या होत्या, त्यात थोडा पारा असायचा. त्या जुन्या झाल्या की उजेड कमी होतो आणि रंग बदलतो, म्हणून तो पिवळटपणा. पुढे नळ्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशावर पिवळा फॉस्फर चढवला की आपल्याला पांढरं दिसतं.

मग पुढचा पडदा काय करतो? दरवाजाचं काम. फर्स्ट इयरला मालसचा नियम सगळ्यांनी घोकला असेल: दोन पोलरायझरमध्ये थीटा कोन असेल तर पलीकडे येणारा प्रकाश कॉस वर्ग थीटाच्या प्रमाणात. एलसीडीत दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात असतात, म्हणजे नुसते ठेवले तर अंधार. मध्ये लिक्विड क्रिस्टल असतं, ते प्रकाशाचं पोलरायझेशन फिरवतं, आणि किती फिरवायचं ते व्होल्टेजने ठरतं. हे क्रिस्टल कुणाला सापडलं माहितीये? एका वनस्पतीशास्त्रज्ञाला! १८८८ साली ऑस्ट्रियाचे फ्रीडरिश राइनित्झर गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यांचा पदार्थ १४५.५ अंशाला वितळून गढूळ व्हायचा आणि १७८.५ अंशाला पुन्हा एकदा वितळल्यासारखा नितळ व्हायचा. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे गाजराच्या हलव्यातनं टीव्ही निघाला म्हण की."

प्लाझ्माबद्दल दोनच ओळी. बारीक बारीक खोल्यांमध्ये वायू, त्यातून अल्ट्राव्हायोलेट, त्यातून फॉस्फर पेटणार. चित्र सुंदर, पण वीज खायचा आणि जड. पॅनासोनिकने २०१३ मध्ये उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये. विषय संपला.

माझ्या डोक्यात मात्र पहिल्या दिवसापासून ओएलईडीच होता. खरं सांगायचं तर थोडा शायनिंगचा भाग होता, हॉस्टेलवर सांगायला बरं! ओएलईडीत मागे दिवा नसतोच. प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो, कारण तो ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी पदार्थांचा थर असतो. कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये तो कमी व्होल्टेजवर नीट पेटवून दाखवला. पिक्सेल बंद केला की तिथे काळं म्हणजे खरंच काळं, आणि बाजूने बघितलं तरी चित्र फारसं बदलत नाही. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायचा असेल आणि खिशात पैसे असतील, तर माझ्या मते याला तोड नाही.

पण ऑरगॅनिक पदार्थ वापराने म्हातारे होतात. जो पिक्सेल जास्त जळला तो लवकर मंद होतो, त्यात निळा सगळ्यात आधी. वेगवेगळं बघत राहिलं तर सगळे सारखे झिजतात, कळत नाही. आमच्याकडे काय? एकच चॅनेल, कोपऱ्यात एकच लोगो, खाली बातम्यांची पट्टी. रोज आठ तास धरले तर वर्षाला २९२० तास! कंपन्या पिक्सेल सरकवणं, लोगो मंद करणं असे उपाय करतात, आणि आता पॅनेलही पूर्वीपेक्षा टिकतात. पण आजीची मुदत ठेव मोडून त्या चॅनेलचा लोगो कायमचा कोरून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. शिवाय किंमत पस्तीस हजारांच्या कितीतरी पुढे. ओएलईडी कट.

मग सेल्समन भेटतो आणि म्हणतो, "मॅडम, क्यूएलईडी घ्या ना, ओएलईडीसारखंच आहे." नाही हो दादा! नावं जुळ्या बहिणींसारखी ठेवलीत, पण नातं नाही. क्यूएलईडी हाही एलसीडीच, फक्त मागच्या निळ्या दिव्यावर क्वांटम डॉट्सची फिल्म असते. अप्लाइड फिजिक्समधला तो डब्यातला कण आठवतो का, जो आपण ऑप्शनला टाकतो? डबा जितका लहान तितकी ऊर्जा जास्त. तोच नियम इथे काम करतो. काही नॅनोमीटरचा कण, मोठा असेल तर लाल प्रकाश देतो, त्याहून लहान असेल तर हिरवा. पदार्थ तोच, नुसता आकार बदलला की रंग बदलला. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना याच डॉट्ससाठी मिळालं. यामुळे रंग शुद्ध होतात हे खरं, पण काळं जास्त काळं होत नाही आणि बाजूने बघायचा प्रॉब्लेमही सुटत नाही. काळ्यासाठी मिनी-एलईडी आले. त्यात मागे शेकडो-हजारो बारीक दिवे असतात आणि चित्राचा जो भाग काळा तिथले मंद होतात. चांगली चीज आहे, पण स्वस्त मॉडेलमध्ये दिव्यांचे गट कमी असतात, मग काळ्या आकाशात चंद्राभोवती धुकं दिसतं.

आता मुख्य मुद्दा, जो ब्रोशरवर बहुतेक वेळा नसतोच. साध्या एलसीडी टीव्हीत मुख्यतः दोन प्रकारचे पॅनेल येतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये व्होल्टेज नसताना क्रिस्टलचे रेणू काचेवर उभे असतात, प्रकाश छान अडतो, म्हणून कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ते ५००० ला १. आयपीएसमध्ये रेणू आडवे असतात आणि काचेच्या पातळीतच फिरतात, थोडा प्रकाश गळतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट १००० ला १ च्या आसपास. आकडे बघून मी तर तिथेच व्हीएला मत देऊन टाकलं. चौपट म्हणजे चौपट!

बाबांनी दिवाळीच्या आधी जायचं ठरवलं, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता. (मंडळी, किंमत दहा टक्क्यांनी कमी होत नाही हं. १२८ चे ११८ होतात, म्हणजे साधारण ८ टक्के.) आजीलाही बरोबर घेतलं. दुकानात मी व्हीए पॅनेलवाल्या ४३ इंचीसमोर उभी राहून बाबांना कॉन्ट्रास्ट रेशो समजावत होते. आजी दमली म्हणून तिला बाजूला एका स्टुलावर बसवलं होतं. तिथून ती म्हणाली, "ह्या बाईचा चेहरा असा पांढराफटक का पडलाय गं? आजारी आहे का?"

मी तिच्या शेजारी जाऊन वाकून बघितलं. खरंच! समोरून झकास दिसणारं चित्र तिथून धुतल्यासारखं दिसत होतं. उभे-तिरके रेणू बाजूने बघितले की आपल्या नजरेला वेगळ्याच कोनात दिसतात, मग काळं करडं होतं आणि त्वचेचा रंग उडतो. आणि मला आमचा हॉल आठवला. टीव्हीच्या भिंतीपासून आजीचा दिवाण आठ फूट पुढे, पण मध्यापासून सहा फूट डावीकडे, खिडकीखाली. म्हणजे ३७ अंशांचा कोन. तीन-चार-पाचचा त्रिकोण, शाळेत शंभरदा काढलेला! दिवाण हलवायचा? तो विषयच नाही. तिथून तिला फाटक दिसतं, कोण आलं-गेलं ते कळतं. आजोबांची वाट ती तिथूनच बघायची. टीव्हीने आजीकडे बघायला हवं, आजीने टीव्हीकडे सरकायचं नाही, हे बाबांनी एका वाक्यात निकालात काढलं.

मग त्या चौपट कॉन्ट्रास्टचं काय? घरी येऊन हिशोब केला. समजा पांढरं ३०० निट. आयपीएसचं काळं ०.३ निट, ४००० वाल्या व्हीएचं ०.०७५. पण आमच्या हॉलमध्ये दिवसा खिडकी उघडी, रात्री ट्यूबलाइट चालू. पडद्यावरून परावर्तित होणारा उजेड समजा फक्त २ निट धरला, तर तो दोन्हीत मिळवायचा. आयपीएस ३०२ भागिले २.३, म्हणजे १३१. व्हीए ३०२ भागिले २.०७५, म्हणजे १४६. हजार आणि चार हजारांतला सगळा रुबाब एका खिडकीने उतरवला! अंधार करून बघणाऱ्यांसाठी तो फरक खराच आहे, पण आजी अंधारात टीव्ही बघत नाही, डोळ्याला त्रास होतो म्हणते.

तर आयपीएस. अडचण अशी की बॉक्सवर हे छापलेलं क्वचितच सापडतं, आणि एकाच मालिकेत साइजप्रमाणे पॅनेल बदलू शकतं. म्हणून उपाय एकच. पेन ड्राइव्हवर माणसांचे चेहरे असलेला व्हिडिओ न्यायचा, टीव्ही दुकानाच्या भडक मोडमधून साध्या मोडवर आणायला लावायचा, आणि तुमच्या घरातला माणूस जिथे बसतो त्या कोनात जाऊन उभं राहायचं. आम्ही हे तीन दुकानांत केलं. एका ठिकाणी मोड बदलायला नकार मिळाला, तिथून निघालो.

साइज आणि रेझोल्यूशनबद्दलही सांगते, कारण बाबांचा ओढा ५५ इंचीकडे होता. चांगल्या डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा बारकावा कळतो. ४३ इंचीचा पडदा सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद, फुल एचडीत त्यावर १९२० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ अर्धा मिलिमीटर. तो १.७ मीटरपलीकडून वेगळा दिसत नाही. आजी बसते दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटर. फोर-केचे बारकावे तिला काय, मलाही तिथून दिसणार नाहीत. तरी फोर-केच आला, कारण दुकानांत आमच्या बजेटला ४३ इंचीत बहुतेक तेच होते. पण त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

उलट एक गंमत आहे. आमचा सेट टॉप बॉक्स साधा एसडी, ७२० गुणिले ५७६. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०. भागाकार करून बघा, बरोबर २० येतो. म्हणजे एका खऱ्या पिक्सेलमागे एकोणीस टीव्हीने मनाने भरायचे! स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर इथे उघडा पडतो, म्हणून दुकानात निसर्गाचे व्हिडिओ बघून भुलू नका, साधं चॅनेल लावायला सांगा.

धनत्रयोदशीला टीव्ही आला. मी पहिली दोन कामं केली. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद, आणि बॅकलाइट शंभरवरून साठवर, कारण पूर्ण ताकदीवर एलईडी तापतात, लवकर जातात, आणि बऱ्याच टीव्हीत ते सिरीजमध्ये असल्याने एक गेला की अख्खी पट्टी विझते. पस्तीस हजारांतले साडेतीन हजार उरले. मी ते आजीला परत दिले तेव्हा तिने मोजून घेतले, हे विशेष.

मग दिवाणावर बसून तिने सिरियल लावली. बराच वेळ काही बोलली नाही. माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणाली, "चेहऱ्यावर रंग आला हिच्या. पण एवढी पावडर थापते हे मला आत्ता कळलं."

आता एचडी पॅक घ्यायचा की नाही यावर बाबा आणि तिची बोलणी चालू आहेत. उरलेले साडेतीन हजार तिने अजून सोडलेले नाहीत.