रोडगे करायचेत ना, मग ऐक

पोरी, फ्लॅटमध्ये रोडगे जमतील का, असं विचारलंस. जमतात. फक्त सुरुवात गिरणीपासून कर. रोडगा बिघडतो तो बहुतेक वेळा पिठात, आणि दोष मात्र विस्तवाला देतात. पाकिटातलं बारीक पीठ पोळीला चांगलं, पण त्याचा रोडगा वरून कडक आणि आत चिवट होतो. गहू जाडसर दळून आण. चिमटीत धरलं की रवा लागला पाहिजे. लोकवन चालतो, बन्सी मिळाला तर सोडू नकोस. जाड पीठ भाजल्यावर भुसभुशीत होतं आणि तूप त्या भुसभुशीतपणातच मुरतं.

किलोभर पिठाला अर्धी वाटी तेल गरम करून घाल, मीठ घाल, चमचाभर ओवा तळहातावर चोळून टाक. सोडा नको. पाणी हात आखडून घाल, कणीक पुरीच्या कणकेहून घट्ट हवी. मग अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेव, कारण रव्याला पाणी प्यायला वेळ लागतो. एवढ्या पिठात दहाएक रोडगे होतात, आणि दोन खाल्ले की माणूस तृप्त.

आता थर. तीन-चार लहान पुऱ्या लाट, प्रत्येकीवर तेलाचा हात फिरवून एकीवर एक ठेव, मग जरा मोठ्या पुरीत ती चवड धरून कडा वर घे आणि तोंड पक्कं बंद कर. खालून-वरून दाबून गोल कर. नुसता कणकेचा गोळा भाजला तर मधला भाग कच्चा राहतो. थर असले की आत वाफ फिरते आणि रोडगा फोडल्यावर पदर सुटतात.

आपल्याकडे शेतात पंगत असली की हे काम गडी माणसं करतात. त्यांचं पाहून ठेव. गोवऱ्या रचून पेटवतात आणि मग कुणी घाई करत नाही. धूर पूर्ण थांबेपर्यंत, गोवरीवर पांढरी राख चढेपर्यंत वाट पाहतात. धुरात टाकलेला रोडगा कडवट होतो, जाळावर टाकलेला बाहेर करपून आत पिठूळ राहतो. आर पसरून त्यावर रोडगे ठेवायचे, वरून फुफाट्याने झाकायचे, अधूनमधून उलटायचे. झालेला रोडगा स्वतःच सांगतो: अंगाला भेग पडते, बोटाने टकटक केलं तर पोकळ वाजतो. मग पोत्यावर घोळून राख झाडायची. हल्ली बैल कमी झाले तशा गोवऱ्याही कमी झाल्या, म्हणून गावी कधी आलीस तर ही भट्टी लावताना जवळ बसून पाहा.

तुझ्या घरी गॅस तंदूर असेल तर उत्तम. आच मंद ठेव आणि दर पाच-सात मिनिटांनी उलट. ओव्हन असेल तर १८० अंशांवर पाऊण तास धर, मध्ये एकदा पालट. गोवरीचा वास हवा असेल तर करवंटीचा तुकडा गॅसवर लाल कर, वाटीत ठेवून रोडग्यांच्या डब्यात मधोमध ठेव, त्यावर तुपाची धार सोड आणि झाकण लाव. दोन-तीन मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर धुराने तोंड भरतं. आणि खिडकी उघडी ठेव.

रोडग्याची जोडी वांग्याशी. चातुर्मासात न खाल्लेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन येतं, सोबत बाजरीचा रोडगा. आपल्या वऱ्हाडात रोडगा गव्हाचा आणि वांग्याची भाजी रस्स्याची. काटेरी लहान वांगी घे, चिरली की लगेच मिठाच्या पाण्यात टाक, नाहीतर काळी पडतात. तेलात हात आखडू नकोस. कांदा, आलं, लसूण तांबूस होऊ दे, काळा मसाला आणि तिखट मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परत, मग वांगी. पाणी घालायचं ते उकळतं. गार पाण्याने तर्री बसते. दाण्याचं कूट शेवटी, आणि सांबार उतरवल्यावर. पुण्यात भाजीवाल्याकडे मात्र कोथिंबीर माग, सांबार म्हटलंस तर त्याला कळायचं नाही.

वरण तुरीचंच. वाशीमच्या शिवारात सोयाबीन कितीही वाढलं तरी तुरीच्या ओळी त्यात असतातच. हळद-हिंग घालून डाळ मऊ शिजव, घोट, लसणाची फोडणी दे. पळीवर चढेल इतकं घट्ट ठेव.

तुपाबद्दल माझं ऐक. रोडगा गरम असतानाच ताटात फोड आणि चुरून त्यावर कोमट पातळ तूप सोड. गार रोडग्यावर तूप वर तरंगतं, आत जात नाही. आधी तूप, मग वरण, हा क्रम मोडू नकोस. चमचाभर तुपाचे रोडगे करायचे असतील तर त्या दिवशी पोळ्या कर, रोडगे राहू दे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कर, पण केलेस की पोटभर वाढ. नाथांच्या भारुडात भवानीआईला कबूल केलेला रोडगा हा असाच घसघशीत नैवेद्य असणार. १९९८मध्ये वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, तरी दोन्हीकडच्या पंगतीतलं हे ताट एकच राहिलं आहे.

माणसं कमी असली तरी किलोभराचे कर, कारण उरलेले वाया जात नाहीत. दुसऱ्या दिवशी खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये जाडसर कुट, किसलेला गूळ आणि गरम तूप घाल, वेलची टाक आणि लाडू वळ. चुरा कोरडा वाटला तर दूध घालू नकोस, लाडू टिकत नाहीत. तूपच वाढव. डब्यात चार दिवस छान राहतात.