झिजलेल्या शिवराईचा उठाव कसा मोजावा?

प्रश्न : माझ्या संग्रहातल्या शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) खूप झिजल्या आहेत. नाण्याला स्पर्श न करता, घरच्या कॅमेऱ्याने त्यांचा त्रिमितीय आकार मोजता येईल का?

उत्तर : अक्षरे वाचायची असतील तर नक्की. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत उंची हवी असेल, तर घरचे साहित्य पुरणार नाही.

वाचनासाठी कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर पक्का बसवा, खोलीत अंधार करा आणि एकच दिवा वेगवेगळ्या दिशांनी तिरका धरून ३०-४० फोटो घ्या. शेजारी एक काळा, चकचकीत गोल मणी ठेवा. त्यावरच्या चमकेवरून प्रत्येक वेळी प्रकाश कुठून आला, हे संगणकाला कळते. त्या दिशा आणि फोटोंतला उजेड-अंधार यांवरून पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूचा उतार काढता येतो, आणि पडद्यावर दिवा फिरवत गेलात की नाण्यावरच्या ‘छत्रपति’ या अक्षरांतली पुसट रेघही उठून दिसते. २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर व सहकाऱ्यांनी मांडलेले पडद्यावर दिवा फिरवण्याचे हे तंत्र २००५ मध्ये ग्रीसच्या प्राचीन अँटिकिथेरा यंत्रावरील कोरीव लेख वाचण्यासाठी वापरले गेले. मात्र उतारांची बेरीज करून उंची काढू नका; बारीक चुका साचत जातात.

खऱ्या उंचीसाठी प्रकाशपट्टे टाकणारा स्कॅनर लागतो. उठावावर पट्टे वाकतात, त्या वाकण्यावरून उंची मिळते. चकाकणाऱ्या धातूवर पट्टे नीट दिसत नाहीत, म्हणून स्कॅनिंगवाले पांढरी पावडर फवारतात. जुन्या तांब्यावर ती फवारू देऊ नका, आणि नाणे घासून चमकवू तर मुळीच नका.