फाइव्ह स्टार गिझर की हीट पंप? आधी बादल्या मोजा

शहागंजच्या आपल्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, फाइव्ह स्टार गिझर घेतला की बिल कमी येईल ना?" व्हिडिओत बोललोच आहे, इथे आकडे मांडू.

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण ३ युनिट उष्णता लागते. गिझरची कॉइल १ युनिट विजेतून फार तर १ युनिट उष्णता देते. म्हणजे ३ युनिट वीज जाणारच. स्टार फक्त एवढंच सांगतात, की टाकीत साठलेलं पाणी किती कमी निवतं.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली ओढून पाण्यात सोडतो. फ्रीजची मागची बाजू गरम लागते ना, तेच तत्त्व. आपल्याकडच्या हवेत १ युनिट विजेवर ३ युनिटच्या आसपास उष्णता मिळते. रोजचे २ युनिट वाचले, महिन्याला ६०.

पण सगळ्यांना विकू नका. दोघांचं घर, रोजच्या दोन बादल्या, तर जास्तीची किंमत वसूल व्हायला वर्षं जातील. शिवाय पाणी हळू तापतं, जागा आणि खेळती हवा लागते. सहा-सात माणसांचं घर, होस्टेल, छोटं लॉज असेल तर जरूर सुचवा.

आजचा गृहपाठ: पुढच्या ग्राहकाला किंमत सांगण्याआधी विचारा, "घरात माणसं किती, गरम पाणी किती बादल्या?" आज खरं सांगाल, तर तोच ग्राहक उद्या शेजाऱ्याला घेऊन येईल.